आठवड्याची पराशा आणि तिश्री महिन्याचे सण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यहुदी धर्मातील साप्ताहिक तोरावाचन आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या तिश्री महिन्यातील सणांची मालिका यांविषयी मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. हिब्रू नावांचे उच्चार शक्यतो महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाच्या वळणाचे ठेवले आहेत. बायबलमधील पुस्तकांची आणि व्यक्तींची नावे मराठी बायबलप्रमाणे आहेत.

तोरा सिनेगॉगमध्ये केव्हा आणि कशी वाचली जाते?

तोरा म्हणजे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पाच पुस्तके. सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरात, ती छापील पुस्तकातून वाचत नाहीत, तर चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेल्या सेफेर तोरामधून वाचतात. या गुंडाळीत ३,०४,८०५ अक्षरे असतात, पण स्वरचिन्हे, विरामचिन्हे किंवा चालीच्या खुणा यांपैकी काहीही नसते. त्यामुळे वाचणाऱ्याला आधी कसून तयारी करावी लागते, आणि तरीही पाठ असलेले म्हणून दाखवण्याची त्याला मुभा नाही. डोळे अक्षरांवरच हवेत. अर्थ बदलेल अशी चूक झाली, तर उपस्थितांनी ती तेथल्या तेथे मोठ्याने दुरुस्त करायची असते आणि त्यात कोणी अपमान मानत नाही.

मुख्य वाचन शब्बाथला, म्हणजे शनिवारी सकाळी होते आणि त्यासाठी किमान सात जणांना क्रमाने वर बोलावले जाते. शनिवारी दुपारी, तसेच सोमवारी आणि गुरुवारी सकाळी पुढच्या आठवड्याच्या भागाचा आरंभ वाचला जातो. तेव्हा तिघांना बोलावतात. सणाच्या दिवशी ही संख्या पाच असते आणि योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी, सहा. योम किप्पूर हा वर्षातील सर्वांत पवित्र दिवस मानला जात असला, तरी दर आठवड्याला येणाऱ्या शब्बाथचा मान या मोजणीत त्याच्याहून एकाने अधिक आहे, ही गोष्ट पुष्कळांना आश्चर्याची वाटते.

कोणत्या आठवड्यात कोणता भाग वाचायचा हे कोण ठरवते?

ते कोणी निवडत नाही, भाग ओळीने येतो. तोरेचे ५४ भाग पाडलेले आहेत. अशा एका भागाला पराशा म्हणतात. आरंभापासून अखेरपर्यंत त्या क्रमाने वाचल्या की वर्ष पूर्ण होते. ही वार्षिक पद्धत बाबेलमधील यहुद्यांची. प्राचीन इस्राएल देशात हेच वाचन सुमारे तीन वर्षांत पूर्ण करण्याची रीत होती, परंतु पुढे बाबेलची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

गणित मात्र इतके सरळ नाही. यहुदी पंचांग मराठी पंचांगाप्रमाणेच चांद्र महिन्यांचे असून सूर्याशी मेळ राखण्यासाठी त्यातही अधिक महिना धरतात. १९ वर्षांत ७ वेळा तेरा महिन्यांचे वर्ष येते. साध्या वर्षात शब्बाथ कमी पडतात, म्हणून काही ठरावीक जोड्या एकाच शनिवारी वाचल्या जातात. शिवाय एखादा सण शब्बाथला आला, तर त्या दिवशी सणाचे वाचन होते आणि पराशा एक आठवडा पुढे सरकते. इस्राएलबाहेर काही सणांना एक दिवस जास्त पाळतात. तो जास्तीचा दिवस शनिवारी आला, तर इस्राएलमधील आणि बाहेरील यहुदी कित्येक आठवडे वेगवेगळ्या पराशा वाचत राहतात. अशा वर्षी लोद किंवा अश्दोदमधील बेने इस्राएल कुटुंबातील पराशा ठाण्यातील नातेवाइकांच्या एक आठवडा पुढे असू शकते.

हफ्तारा म्हणजे काय?

शब्बाथला आणि सणांच्या दिवशी तोरेनंतर संदेष्ट्यांच्या पुस्तकांतील एक उतारा वाचला जातो, त्याला हफ्तारा म्हणतात. बहुधा त्याचा त्या दिवसाच्या पराशेशी विषयाचा धागा असतो. काही आठवड्यांत मात्र तो पराशेशी संबंध न ठेवता पंचांगाशी ठेवतो, आणि ते आठवडे नेमके सणांच्या आधीचे आहेत.

पराशेवर चिंतन करायचे म्हणजे काय करायचे?

तालमूदमध्ये, म्हणजे प्राचीन यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या संग्रहात, सांगितलेली जुनी शिस्त अशी आहे, की प्रत्येकाने आठवड्याची पराशा मूळ हिब्रूत दोनदा आणि अरामी भाषांतरात एकदा वाचावी. भाषांतर या शिस्तीतच गृहीत धरलेले आहे, कारण ऐकलेले समजले पाहिजे, ही अपेक्षा जुनीच आहे. त्यानंतर भाष्यकारांचे बोट धरायचे. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेले राशी (१०४०–११०५) हे त्यांतील पहिले. त्यांचे भाष्य न पाहता पराशा वाचणे पुष्कळ घरांत अपूर्ण समजले जाते.

राशींची पद्धत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नोहाच्या कथेच्या आरंभी तो आपल्या काळच्या लोकांत नीतिमान होता, असे म्हटले आहे. ‘आपल्या काळच्या लोकांत’ हे शब्द कशासाठी? राशी दोन जुनी मते शेजारी शेजारी ठेवतात. एक मत असे, की इतक्या वाईट पिढीतही जो नीट राहिला, तो चांगल्या पिढीत किती मोठा झाला असता. दुसरे असे, की त्या पिढीच्या तुलनेत तो बरा होता. अब्राहामांच्या काळात त्याची कोणी दखलही घेतली नसती. राशी निकाल देत नाहीत. वाचकाने दोन्ही बाजू जवळ बाळगाव्यात आणि पुढच्या वर्षी त्याच ओळीवर पुन्हा यावे, असाच हा व्यवहार आहे.

माझ्या मते या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल रुक्ष पराशांमध्ये आहे. लेवीय पुस्तकात त्वचेवरील डागांची तपासणी, घराच्या भिंतीवरील बुरशीसारखे चट्टे, अर्पणांचे तपशील असे आठवडेच्या आठवडे येतात आणि निवड आपल्या हाती असती, तर बहुतेकांनी ते गाळले असते. गाळता येत नाही, म्हणून विचार करावा लागतो. डाग असलेल्या माणसाला छावणीबाहेर ठेवतात, परंतु त्याला पाहायला याजकाने स्वतः छावणीबाहेर जायचे असते, हा बारकावा घाईने पाने उलटणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

सणांच्या आधीच्या आठवड्यांत काय वाचले जाते?

अव महिन्याच्या नवव्या दिवशी यरुशलेमच्या दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा उपवास असतो. त्यानंतर सलग सात शब्बाथ यशयाच्या पुस्तकातील सांत्वनाच्या हफ्तारा वाचतात आणि सातवी संपली, की रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्ष, येते. म्हणजे वर्षाच्या अखेरच्या दोन महिन्यांत आधी शोक, मग सांत्वन आणि त्यानंतर हिशेब, असा क्रम लावलेला आहे. हिशेबाला बसण्यापूर्वी माणसाला धीर दिलेला असावा, ही योजना मला मनुष्यस्वभावाची चांगली पारख असलेल्या लोकांची वाटते.

याच काळात तोरेतून अनुवाद पुस्तक चालू असते. त्यातील शापांची लांबलचक आणि ऐकवत नाही अशी यादी रोश हशानाच्या थोडी आधी येते. जुने वर्ष आपल्या शापांसह संपावे म्हणून प्राचीन शास्त्री एज्रा यांनी तशी व्यवस्था केली, असे तालमूद सांगतो. मात्र त्या पराशेनंतर थेट नवे वर्ष येत नाही. मध्ये एक शब्बाथ राखलेला असतो आणि त्या दिवशीच्या वाचनात मोशे रब्बेनू (गुरू मोशे) सर्वांना, लाकूडतोड्यापासून पाणक्यापर्यंत, एकत्र उभे करून कराराची आठवण देतात.

रोश हशानाच्या आधीचा अलूल महिना हा तयारीचा. मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या स्फार्दी परंपरेत, जिचा प्रभाव भारतातील यहुदी समाजांवर आहे, या महिन्यात पहाटे सलिहोथ नावाच्या क्षमायाचनेच्या प्रार्थना म्हणतात.

रोश हशाना जर विश्वनिर्मितीचा स्मरणदिन असेल, तर त्या दिवशी उत्पत्तीचा पहिला अध्याय का वाचत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे, कारण त्या दिवशी शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकल्यावर म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत आज जगाचा जन्म झाला, असे स्पष्टपणे येते. तरीही वाचन निर्मितीचे नाही. पहिल्या दिवशी उत्पत्तीचा एकविसावा अध्याय वाचतात, जो एका घरातील गोष्ट सांगतो: म्हाताऱ्या सारेला मुलगा होतो, इसहाकाच्या दूध सोडण्याच्या दिवशी मेजवानी होते आणि पुढे सारेच्या आग्रहावरून हागार दासी व तिचा मुलगा इश्माएल यांना भाकरी आणि पाण्याची मसक देऊन घराबाहेर काढले जाते. हफ्तारा हन्नेची, जी मूल नाही म्हणून इतकी व्याकूळ होऊन ओठांतल्या ओठांत प्रार्थना करते, की एली याजकाला ती प्यायलेली वाटते. दुसऱ्या दिवशी अब्राहाम इसहाकाला वेदीवर बांधतात तो बाविसावा अध्याय, आणि हफ्तारेत आपल्या मुलांसाठी रडणारी राहेल.

परंपरेने दिलेले कारण असे, की सारा, राहेल आणि हन्ना या तिघींची देवाने रोश हशानालाच आठवण केली. परंतु कारण मान्य करूनही ऐकणाऱ्याच्या मनात काही उरते. वर्षभर तोरा क्रमाने येते आणि समोर येईल ते वाचावे लागते. सणांची वाचने मात्र कोणीतरी विचारपूर्वक निवडलेली आहेत. मग ज्या दिवशी सगळा समाज आपला न्याय होणार म्हणून भयभीत उभा असतो, त्या दिवशी आपल्याच पूर्वजांच्या घरातून हाकललेल्या बाईची गोष्ट निवडण्याचे धारिष्ट कोणी केले असेल? अरण्यात पाणी संपते, हागार मुलाला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते, आणि देव मुलाचा आवाज ‘तो जेथे आहे तेथून’ ऐकतो. राशी या शब्दांवर सांगतात, की त्याचा न्याय त्याच्या त्या घडीच्या वागण्यावरून झाला, पुढे त्याचे वंशज काय करतील यावरून नव्हे. रोश हशानाचे सगळे तत्त्व या एका टीपेत आलेले आहे आणि ते बाहेर काढलेल्या मुलाच्या निमित्ताने आले आहे, हे विसरता येत नाही.

शोफाराच्या तुटक आवाजाचे स्वरूप ठरवतानाही तालमूद इस्राएलचा शत्रू सीसरा याच्या आईच्या रडण्याचा दाखला घेतो. ती खिडकीशी उभी राहून मुलाच्या रथाची वाट पाहत होती आणि मुलगा रणातून पळताना मारला गेला होता.

२०२६ साली हे सण केव्हा आहेत?

यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून प्रत्येक सण आदल्या संध्याकाळी लागतो. ५७८७ या वर्षाची रोश हशाना १२ आणि १३ सप्टेंबर २०२६ रोजी आहे, योम किप्पूर २१ सप्टेंबरला, सुकोथ या मांडवांच्या सणाचा पहिला दिवस २६ सप्टेंबरला आणि तोरावाचन पूर्ण होण्याचा सण सिम्हाथ तोरा इस्राएलबाहेर ४ ऑक्टोबरला. एरवी पुष्कळदा घटस्थापनेच्या आसपास येणारी रोश हशाना यंदा गणेशचतुर्थीच्या आधी दोन दिवस येते, कारण मराठी पंचांगातील अधिक ज्येष्ठ २०२६ मध्येच पडला, तर यहुदी पंचांगातील अधिक महिना ५७८७ च्या अदारमध्ये, म्हणजे २०२७ मध्ये पडणार आहे. पहिला दिवस शनिवार असल्यामुळे त्या दिवशी शोफार फुंकणार नाहीत. तो रविवारीच ऐकू येईल.

रोश हशानाचा पहिला दिवस रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी कधीच येत नाही. तो बुधवारी किंवा शुक्रवारी आला, तर योम किप्पूर शब्बाथला चिकटून येईल. रविवारी आला, तर सुकोथचा सातवा दिवस शब्बाथला पडेल आणि त्या दिवसाचा डहाळ्या आपटण्याचा विधी करता येणार नाही.

योम किप्पूरच्या उपवासाच्या दिवशी कोणती वाचने होतात?

सकाळी लेवीयचा सोळावा अध्याय असतो, ज्यात महायाजकाचा विधी आणि दोन बकऱ्यांवर टाकलेल्या चिठ्ठ्या यांचे वर्णन आहे. मंदिर इ. स. ७० मध्ये नष्ट झाल्यापासून हा विधी केवळ वाचनातून जिवंत आहे. त्याच्या पाठोपाठ यशयाची हफ्तारा येते आणि उपवास करणाऱ्यांनाच खडसावते: मान लव्हाळ्यासारखी वाकवून गोणपाटावर बसणे, याला तुम्ही उपवास म्हणता काय? भुकेल्याला आपली भाकरी वाटून द्या, उघड्याला पांघरूण द्या, जुलुमाचे जू मोडा. सुमारे पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य करणाऱ्या लोकांसमोर, त्यांच्या उपवासाच्या ऐन मध्यावर हे वाचायचे, अशी निवड करणाऱ्यांना दिखाऊपणाची भीती किती वाटत असेल, याची कल्पना येते.

दुपारी योनाचे पुस्तक संपूर्ण वाचतात. ते चारच अध्यायांचे आहे. मासा सर्वांच्या लक्षात राहतो, पण दिवसाशी संबंध शेवटच्या अध्यायाचा आहे. निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, देव त्यांना क्षमा करतो आणि संदेष्टा रागावतो. एका वेलीच्या सावलीसाठी हळहळणाऱ्या योनाला देव विचारतो, की एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरे असलेल्या या नगराची मला कीव येऊ नये काय? पुस्तक या प्रश्नावरच संपते, योनाचे उत्तर नाही. स्वतःसाठी क्षमा मागत असताना दुसऱ्याला मिळालेली क्षमा आपल्याला सहन होते का, हे तपासायला याहून नेमका उतारा मिळाला नसता.

योम किप्पूरने सर्व पापे धुतली जातात का?

नाही. तालमूदचा पाया असलेल्या मिश्ना या नियमसंग्रहात स्पष्ट नियम आहे: माणूस आणि देव यांच्यातील अपराधांचे प्रायश्चित्त हा दिवस घडवतो, परंतु माणसामाणसांतील अपराधांचे घडवत नाही, जोपर्यंत अपराध्याने दुखावलेल्या माणसाची समजूत काढलेली नाही. म्हणूनच आधीच्या दिवसांत लोक एकमेकांकडे क्षमा मागायला जातात, उसने घेतलेले परत करतात.

कोकणातील बेने इस्राएल हे सण पूर्वी कसे पाळत असत?

बेने इस्राएल समाजाची स्मृती अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांपासून सुरू होते. पुढे कित्येक शतके त्यांच्यापाशी सेफेर तोरा नव्हती; सुंता, आहाराचे नियम, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि शब्बाथ मात्र होता. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत.

तिश्रीचे सणही त्यांनी मराठी नावांनी जपले. रोश हशाना हा नव्याचा सण आणि योम किप्पूर हा दारफळणीचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारे लावून घरातच उपवास करत आणि बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवत नसत. दुसरा दिवस शिळा सण, त्या दिवशी दानधर्म आणि एकमेकांच्या भेटीगाठी. खिरीचा सणही याच महिन्यातला. पराशा नाही, हफ्तारा नाही, हिब्रू पुस्तक नाही, तरी तिथी आणि उपवास टिकले, यात मला विशेष वाटते ते असे, की सगळे ओझे स्वयंपाकघराने आणि बंद दाराने पेलले.

लेखी परंपरेशी जोड नंतर आली. १७९६ साली शमुवेल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत शआर हारहमीम हे बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग बांधले. कोचीनच्या यहुद्यांनी हिब्रू प्रार्थना आणि वाचन शिकवले. मराठी मागे पडली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल कीर्तनकार अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनातून सांगू लागले. पूर्वरंग, उत्तररंग आणि साकी-दिंडीच्या चाली वापरून केलेले ते तोरेचे चिंतनच होते, आणि व्यासपीठावरच्या प्रवचनापेक्षा ते अधिक घरांत पोहोचले असावे, असे मला वाटते.

सुकोथमध्ये मांडव का घालतात आणि त्या आठवड्यात काय वाचतात?

मिसर देशातून निघालेले पूर्वज अरण्यात झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस सुक्का नावाच्या मांडवात जेवतात. छत कापलेल्या फांद्या-पानांचेच हवे आणि आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी; कोकणात त्यासाठी माडाच्या झावळ्या सहज मिळतात. प्रार्थनेच्या वेळी हातात महाळुंग, खजुरीची न उमललेली पात, हदास या सुगंधी झुडपाच्या डहाळ्या आणि वाळुंजाच्या डहाळ्या धरतात.

पिकाच्या आनंदाचा हा सण, तरी अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील परंपरेच्या, समाजांत त्यातल्या शब्बाथला उपदेशक हे पुस्तक वाचतात, जे सगळे काही वाऱ्याच्या मागे धावणे आहे, असे बजावते. कोठारे भरलेली असतानाच ते ऐकवावे, हे बरोबर वाटते. रिकाम्या कोठारापुढे ते क्रूर झाले असते. गणनाच्या एकोणतिसाव्या अध्यायाप्रमाणे सात दिवसांत एकूण ७० बैल अर्पण होत, पहिल्या दिवशी १३ आणि मग रोज एक कमी. तालमूदने ही अर्पणे जगातील ७० राष्ट्रांसाठी मानली आहेत.

सुकोथच्या सात दिवसांनंतर लगेच येणाऱ्या शेमिनी अत्सेरेथ या सणाला पावसाची प्रार्थना असते. इस्राएल देशात पावसाळा तेव्हा लागायचा असतो, आणि मुंबईत नेमका तेव्हा पाऊस परतीला निघालेला असतो.

सिम्हाथ तोराला तोरा संपते की सुरू होते?

दोन्ही, आणि तेही एका बैठकीत. गुंडाळ्या हातांत घेऊन गात-नाचत सात फेऱ्या घालतात. मग अनुवादाचे शेवटचे दोन अध्याय वाचतात, ज्यांत मोशे रब्बेनू नबो पर्वतावरून वचन दिलेला देश पाहतात, तेथेच त्यांचे निधन होते आणि त्यांची कबर कोणालाही ठाऊक राहत नाही. लगेच दुसरी गुंडाळी उघडून उत्पत्तीचा आरंभ वाचतात. देशात प्रवेश होण्याची कथा यहोशवाच्या पुस्तकात आहे, पण ती तोरेचा भाग नाही. तिचा पहिला अध्याय त्या दिवशी केवळ हफ्तारा म्हणून येतो. तोरा वर्षानुवर्षे यार्देन नदीच्या अलीकडेच थांबते आणि मागे वळते.

मराठीतून पराशा वाचायची असेल, तर सुरुवात कोठून करावी?

सिम्हाथ तोरानंतरच्या शब्बाथपासून. २०२६ साली तो १० ऑक्टोबरला आहे आणि त्या दिवसाची पराशा म्हणजे उत्पत्ती १:१ ते ६:८. मराठी बायबलमध्ये ही पाचही पुस्तके आहेत. मात्र अध्यायांचे विभाजन पराशांच्या विभाजनाहून वेगळे असल्यामुळे आठवड्याच्या सीमा पाहण्यासाठी यहुदी पंचांग जवळ ठेवावे लागते. एका बैठकीत सगळी पराशा संपवण्याऐवजी ती सात जणांसाठी ज्या सात तुकड्यांत विभागलेली असते, त्यांतील एक तुकडा रोज वाचावा. रविवारी पहिला, शनिवारी सातवा.

यहुदी नसलेल्यांना वाचन ऐकायला सिनेगॉगमध्ये जाता येते का?

बहुतेक ठिकाणी येते, पण आधी व्यवस्थापनाला विचारून आणि ओळखपत्र घेऊन जावे, कारण सुरक्षेची तपासणी असते. पुरुषांनी डोके झाकावे. शब्बाथला आणि सणांच्या दिवशी आत फोन वापरू नये, छायाचित्रे काढू नयेत, काही लिहूनही घेऊ नये. सेफेर तोरा बाहेर काढली, की सर्वांबरोबर उभे राहावे. रोश हशाना आणि योम किप्पूरला जागा भरलेल्या असतात आणि प्रार्थना लांबते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने एखादा साधा शनिवार निवडलेला बरा.